हनीफ मिस्त्रींचं नाक

आमच्या प्लँटवर हजेरीचं पुस्तक होतं, पुढे अंगठ्याचं मशीनही आलं. पण खरी हजेरी घ्यायचे ते हनीफ मिस्त्री. सकाळी आठला आम्ही गेटमधून आत शिरलो की ते पंपघराच्या पायरीवर उभे असायचे. अंगात खाकी सदरा, डोक्यावर विणलेली पांढरी टोपी आणि वरच्या खिशात पेनाऐवजी पान्हा. एकेकाला थांबवायचे, तोंडाकडे निरखून बघायचे आणि विचारायचे, "भेव लागते का?"

"हाव, लागते," असं म्हणणारा माणूस कामाला लागायचा. "नाई लागत" म्हणणाऱ्याला त्या दिवशी विहिरीकडे फिरकायला बंदी. त्याच्या हातात खुरपं यायचं आणि कुंपणालगतच्या कण्हेरीची आळी करण्यात त्याचा दिवस जायचा. मग तो कुणाचाही भाचा-पुतण्या असो.

मी पहिल्या दिवशी "नाही" म्हणाले. वरवट बकालसारख्या गावातून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली मी, पहिलीच नोकरी, प्रयोगशाळेचं काम, नवीन ओढणी. भीती वाटते असं कोण कबूल करणार? खरं तर मी जन्माची भित्री. न्हाणीघरात पाल दिसली तर आंघोळ उद्यावर ढकलणारी. पण तोंडातून "नाही" गेलं आणि मिस्त्री म्हणाले, "बरं. मॅडम, तुमी आज झाडायले पानी द्या." दिवसभर मी पाइप धरून उभी होते आणि आतले लोक माझ्याकडे बघून हसत होते.

दुसऱ्या दिवशी खरं बोलले.

आमचं तालुक्याचं गाव कोणतं ते मुद्दाम लिहीत नाही. मलकापूरहून जळगाव जामोदकडे जाताना जी गावं लागतात त्यातलंच एक समजा. गावातल्या संडास-मोऱ्यांचं सगळं पाणी गटारांतून वाहत गावाबाहेर आमच्याकडे येतं. आधी लोखंडी जाळी लागते, तिथं कचरा अडतो. मग ते एका विहिरीत पडतं. तिथून पंप ते उचलून मोठ्या टाकीत टाकतो, टाकीत हवा घुसळली जाते, जिवाणू घाण खातात, गाळ खाली बसतो आणि वरचं निवळलेलं पाणी नाल्यात सोडतात. पुढचे शेतकरी ते कपाशीला, कांद्याला घेतात. ग्लासात धरलं तर नळाचं वाटावं इतकं ते नितळ असतं. त्याचे नमुने तपासणं हे माझं काम. गावात निम्म्या लोकांना असा काही प्लँट आहे हेच ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते मला लग्नात ताट वाढताना जरा लांबून वाढायचे.

या सगळ्यात भ्यायचं ते त्या विहिरीला. तीन पुरुष खोल, वर सिमेंटचं छत, छताला दोन लोखंडी झाकणं, आतल्या भिंतीत रोवलेल्या गजांच्या पायऱ्या. पंप रुळावरून साखळीनं वर ओढून घेता यावा अशी सोय केलेली होती. पण रूळ पहिल्याच वर्षी वाकला. तेव्हापासून पंपात चिंध्या अडकल्या की साखळीचा आकडा लावायला माणसाला खाली उतरावं लागायचं. हे कायद्यात बसत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. रूळ बदलून द्यावा म्हणून मिस्त्रींनी माझ्याकडून कितीतरी अर्ज लिहून घेतले. वायू मोजायचं यंत्रही होतं. ते दुरुस्तीला गेलं ते गेलंच. ठेकेदाराचा सुपरवायझर विचारलं की "येऊन राह्यलं" म्हणायचा.

त्या झाकणावर मी कधी पाय ठेवला नाही. पंपघरात जायचं तर झाकणावरून चार पावलं होती. मी टाकीला पूर्ण वळसा घालून जायचे. मिस्त्रींनी ते पाहिलं होतं, पण त्यावरून मला कधी चिडवलं नाही. उलट देवानंदला, म्हणजे आमच्या हेल्परला, एकदा माझं उदाहरण दिलं: "पाह्य, शिकेल-सवरेल मानूस कसा चालते."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी मला विहीर शिकवली. एक झाकण हातभर सरकवलं, मला बऱ्याच अंतरावर उभं केलं आणि म्हणाले, "वास आला का सांगजा." आला. कुजलेल्या अंड्याचा, घशाला धरून बसणारा. मी मागं सरकले, पण ते म्हणाले, "उभ्या राहा." राहिले. थोड्या वेळानं बरं वाटायला लागलं. मी खुशीत म्हणाले, "गेला वास, चाचा."

एवढं म्हणायचा अवकाश, त्यांनी दंडाला धरून मला कुंपणापर्यंत जवळजवळ फरफटत नेलं. म्हातारा माणूस, पण हाताची पकड फिटरची.

"वास गेला नाई, बेटा. तो तिथंच हाये. तुमचं नाक मेलं," ते म्हणाले. "हा गॅस पह्यले नाकाले मारते, मंग मानसाले. वास आला तवा मानूस भेते, पयते, वाचते. वास गेला की त्याले वाटते आता ठीक झालं, अन् तो खाल्ते उतरते. खुशीत मरते."

रसायनशास्त्राच्या पुस्तकात हे मी वाचलेलं होतं, दोन मार्कांना लिहिलंही होतं. पण त्या दिवशी कण्हेरीची फांदी धरून मी किती वेळ उभी होते ते आठवत नाही.

विहिरीत उतरायचे ते किसनभाऊ. त्यांचे वडील हेच करत, आजोबा याहून वाईट करत. आपल्याकडे हे काम कुणाच्या वाट्याला येतं ते सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी मोठ्यानं बोलत नाही. मिस्त्री मात्र बोलायचे. "किसन उतरते तो त्याच्या बापाच्या नशिबानं, पन वर येते तो माह्या नाकानं," असं ते म्हणायचे आणि किसनभाऊ मान डोलवायचे.

आणि ते खोटं नव्हतं. उतरायचं असलं की मिस्त्रींची पद्धत ठरलेली. दोन्ही झाकणं उघडायची. खिशातून कापसाची चिमूट काढून हवेत सोडायची, ती कुठं जाते ते बघायचं आणि सगळ्यांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं करायचं. मग विहिरीत हवा मारणारा पंखा तासभर चालवायचा. त्या तासात कुणी विडी काढली तर मिस्त्रींच्या तोंडून जे निघायचं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तास झाला की ते स्वतः छतावर पालथे पडायचे, तोंड उघड्या भोकाच्या कडेवर आणायचे, डोळे मिटायचे आणि एक लहान श्वास घ्यायचे. मागं सरकायचे. पुन्हा जायचे. असं तीनदा. आम्ही सगळे त्यांच्या पाठीकडे बघत श्वास रोखून उभे. उठून सदरा झटकत ते "ठीक हाये" म्हणाले की मगच किसनभाऊ पट्टा बांधायचे.

पट्ट्याला दोर, दोराचं टोक मिस्त्रींच्या आणि देवानंदच्या हातात. आणि नियम असा की खाली गेलेल्या माणसानं बोलत राहायचं. काहीही, पण बोलणं थांबवायचं नाही. थांबलं की वर ओढायचं. विचारायचं नाही, हाक मारायची नाही, ओढायचंच. त्यामुळे किसनभाऊंचा सगळा संसार आम्हाला विहिरीतून ऐकू आलेला आहे. थोरलीला नांदुऱ्याचं स्थळ आलं, त्यांच्या बायकोनं, शेवंताबाईंनी, उधारीवर शेळी घेतली, मेहुण्यानं दारू सोडली, मेहुण्यानं पुन्हा धरली. खालून घुमत येणारा तो आवाज ऐकत मिस्त्री वरून "मंग?" "अन् मंग?" करत राहायचे. एकदा किसनभाऊंना काही सुचेना तेव्हा त्यांनी आकडा लागेपर्यंत बेसनाचे लाडू कसे करतात ते सांगितलं.

दुसरा नियम त्याहून कडक. एक पडला तर दुसऱ्यानं पाय टाकायचा नाही. "सख्खा असन तरी नाई," ते म्हणायचे.

याचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं, दुपारी डबा खाताना, कुणी विचारलेलं नसताना. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. थोरल्या भावाबरोबर शेतातली इंजिनं दुरुस्त करत गावोगाव फिरायचे. जळगाव जामोदकडच्या एका मळ्यात खूप दिवस बंद असलेली विहीर होती. भाऊ खाली उतरला आणि हाकेला ओ देईना. मळेवाल्याचा तरणा मुलगा त्याला काढायला उतरला, तोही गप्प झाला.

"मी अर्धा उतरलो होतो," मिस्त्री म्हणाले. "पाय पायरीवर होता. अन् मले भेव लागलं. असं भेव, का मी पाय वरते घेतला अन् काठावर बसून राह्यलो. लोकं आले तवा मी बसेलच होतो."

त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"माय मरेपरेंत मले विचारे, तू काऊन नाई उतरला? उतरलो असतो त तिचे दोन्ही गेले असते. हे मले समजे. तिले कसं समजावू?"

त्यानंतर त्यांच्या हजेरीला कुणी हसलं नाही. बाहेरचे लोक मात्र हसायचे. एकदा एक पाहुणे अधिकारी आले, गळ्यात आम्हीच घातलेला हार, नाकाला रुमाल, आणि बोलता बोलता थेट झाकणावर जाऊन उभे राहिले. मिस्त्रींनी त्यांना नेहमीचा प्रश्न विचारला. साहेब हसून म्हणाले, "अहो, आम्हाला कशाची भीती?" मिस्त्री म्हणाले, "मंग साहेब, तुमी तिकडं चाला, आपली कण्हेर लय मस्त फुलली हाये." आणि हाताला धरून नेलंसुद्धा. साहेबांनी कण्हेरीबरोबर फोटो काढून घेतला. सुपरवायझरचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता. हा माणूस आज ना उद्या काढायचा, असं त्यानं माझ्यासमोर देवानंदला सांगितलं.

मग मोठी साथ आली. दुसऱ्या वर्षी मिस्त्री तापानं पडले. महिनाभर आले नाहीत. परत आले तेव्हा सदरा अंगावर लोंबत होता आणि जिना चढताना मध्ये थांबत होते. पण हजेरी तशीच, कापसाची चिमूट तशीच, पालथं पडून वास घेणंही तसंच. फक्त पंखा आता एक तासाऐवजी दोन तास चालायला लागला. आम्ही म्हणालो, आजारपणानं माणूस जास्तच जपायला लागला.

मला कळलं ते पुढच्या उन्हाळ्यात. मे महिना, आमच्याकडचं ऊन. लॅबमध्ये आम्ही दोघंच जेवायला बसलो होतो. त्यांनी डबा उघडला आणि आंबूस, नासका वास खोलीभर पसरला. बटाट्याची भाजी पार उतरली होती. मी नाकाला ओढणी लावली. मिस्त्री मात्र शांतपणे घास मोडून खात होते. एक घास, दोन घास.

"चाचा, भाजी नासली आहे."

त्यांचा हात थांबला. त्यांनी भाजीकडे बघितलं, माझ्या ओढणीकडे बघितलं, आणि हळूच डब्याचं झाकण लावलं. मला आधी काहीच उमगलं नाही. मग एकदम उमगलं.

"कधीपासून?"

"तापापासून," ते म्हणाले. "डॉक्टर म्हने येइन वापस. नाई आला."

"आणि तुम्ही किसनभाऊंना..."

"हळू बोल, बेटा."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजही खोडून काढू शकत नाही. ते म्हणाले, मी गेलो तर सुपरवायझर कुणाला आणेल? पाच मिनिटं झाकण उघडून माणूस आत ढकलणाऱ्याला. मी निदान दोन तास पंखा लावतो, दोर माझ्या हातात असतो, बोलणं थांबलं तर ओढतो. नाक सोडून सगळं आहे माझ्याकडे. यंत्र येऊ दे दुरुस्त होऊन, मीच सगळ्यांना सांगतो. आणि मग, खाली बघत, म्हणाले, "तोवर माह्या बदल्यात तुमी वास घ्याल का? कोनाले नाई समजनार. मी पडतो तसं, फक्त जरा बाजूनं."

मी हो म्हणाले. पुढच्या वेळी पंप अडकला तेव्हा नमुना घ्यायच्या निमित्तानं बाटली घेऊन गेले. झाकणापासून पाच पावलांवर पोचले आणि पाय पुढे जाईनात. उघड्या भोकातून काळोख दिसत होता आणि पंख्याचा आवाज खालून वर येत होता. मिस्त्री पालथे पडून माझी वाट बघत होते. मी वळले आणि लॅबमध्ये जाऊन दार लावून घेतलं. खिडकीतून दिसलं, ते थोडा वेळ तसेच पडून राहिले, मग उठले, सदरा झटकला आणि "ठीक हाये" म्हणाले.

संध्याकाळी मी म्हणाले, "चाचा, मला नाही जमणार." ते म्हणाले, "असू दे, बेटा. भेव लागते तिथं जबरदस्ती नसते." त्यांच्या स्वरात राग नव्हता. कुणाला सांगते असं मी म्हणाले नाही, त्यांनीही विचारलं नाही. मला सांगायची भीती वाटत होती आणि न सांगायचीही, आणि नोकरी जायची तर वाटतच होती. रात्री झोपेत मला किसनभाऊंचं बोलणं ऐकू यायचं आणि ते थांबलं की जाग यायची.

दिवाळीच्या आधीचा आठवडा आमच्याकडे सगळ्यात वाईट. अख्खं गाव घरं झाडतं आणि जुन्या चिंध्या गटारात सोडतं. त्या दिवशी सकाळीच पंप बंद पडला. दुपारपर्यंत सखल गल्लीतल्या घरांत मोऱ्यांमधून पाणी उलटं वर यायला लागलं. ऐन सणात. माणसं गेटवर येऊन ओरडायला लागली. सुपरवायझर दुचाकीवरून आला आणि मिस्त्रींच्या डोक्यावर उभा राहिला. त्यात वीज गेली, आली, पुन्हा गेली. पंखा तुकड्यातुकड्यानं चालला. मिस्त्री म्हणाले, दोन तास सलग झाल्याशिवाय मी माणूस सोडत नाही. सुपरवायझर म्हणाला, "अबे, सगळे मिळून दोन तास होऊन गेले ना! अजून काय वरात काढता काय?"

गेटवरचा ओरडा वाढला. मिस्त्री पालथे पडले. तीनदा वास घेतला. उठायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"ठीक हाये."

मी लॅबमध्ये होते. खिडकी उघडी होती. किसनभाऊंचा आवाज येत होता, शेवंताबाईंच्या चकल्या या वर्षी कशा तुटल्या ते सांगत होते. मी चंचुपात्र धूत होते आणि तेव्हा तो वास आला. कुजक्या अंड्यांचा. त्यांचा पाय गाळात पडला असणार, गाळ ढवळला असणार. वास विहिरीवर उभ्या असलेल्यांनाही आला असेलच. पण सकाळपासून तिथं राहून त्यांची नाकं बधिरली होती, आणि मिस्त्री ठीक म्हणाले म्हणजे ठीक, स्वतःच्या नाकापेक्षा त्यांच्या नाकावर विश्वास, अशी आमच्या प्लँटची रीतच पडून गेली होती. मी नळ बंद केला. आणि मला जाणवलं, वास गेला.

मी धावले. चंचुपात्र हातातच होतं. "चाचा! वर ओढा! वास! वास!" मी ओरडत होते. चकल्यांची गोष्ट मध्येच थांबली होती.

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलंही नाही. ते ओढतच होते. दोर थोडा वर आला आणि अडकला. किसनभाऊंचं अंग त्या वाकड्या रुळाखाली गुंतलं होतं. देवानंदनं दोर सोडला आणि "भाऊ!" म्हणत पायरीवर पाय टाकला. मिस्त्रींनी एका हातानं त्याची कॉलर धरून त्याला मागं आदळलं.

"पाय काढ! पाय काढ वरते! दोर धर!"

"मरून जाइन तो!"

"दोर धर म्हनतो ना!"

मी दोर धरला. कधी झाकणापाशी पोचले ते कळलंच नाही. मिस्त्रींनी दोर ढिला सोडला, बाजूला सरकून झटका दिला, पुन्हा ढिला, पुन्हा झटका. एवढा वेळ माझ्या आयुष्यात कधी लागला नाही. मग दोर एकदम हलका झाला आणि आम्ही तिघांनी ओढलं. किसनभाऊ वर आले तेव्हा ओठ निळे होते आणि मान एका बाजूला पडली होती. मिस्त्रींनी त्यांना वाऱ्याकडे ओढत नेलं, सदरा फाडला, छातीवर हात ठेवला. किसनभाऊंनी खर्रर्र करून श्वास घेतला आणि ओकले. त्या आवाजानं मला रडू फुटलं.

मलकापूरच्या दवाखान्यात ते आठ दिवस होते. वाचले.

तिसऱ्या दिवशी शेवंताबाई प्लँटवर आल्या. सुपरवायझर ऑफिसात बसून जाबजबाब लिहून घेत होता, मी रजिस्टर घेऊन शेजारी उभी होते, देवानंद दारात. मिस्त्रींच्या दोन्ही तळहातांना पट्ट्या होत्या. शेवंताबाई सुपरवायझरकडे वळल्याच नाहीत. सरळ मिस्त्रींसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मिस्त्री, माह्या मानसानं मले सांगतलं होतं का तुमी वास घेतल्याबिगर त्याले उतरवत नाई. मंग हे कसं झालं?"

मिस्त्री खुर्चीवरून उठले. "बाई, मले वास येत नाई. तापापासून."

सुपरवायझरचं पेन थांबलं. देवानंद म्हणाला, "काय बोलून राह्यले, चाचा?" मिस्त्रींनी त्याला हातानंच गप्प केलं.

"तवापासून किती खेपा उतरवलं त्याले?" शेवंताबाईंनी विचारलं.

"सात."

"सातही खेपा मी त्याले सकाळी चहा करून देल्ला," त्या म्हणाल्या. "घाबरजो नको, मिस्त्री हायेत, असं म्हनून धाडलं." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. मग त्यांनी विचारलं, "हे अजून कोनाले माहीत होतं?"

माझ्या हातात रजिस्टर होतं. त्याची कड माझ्या बोटांत रुतत होती. सातमधल्या चार खेपा मला माहीत होत्या.

"कोनालेच नाई," मिस्त्री म्हणाले. "मी लपवलं."

ते माझ्याकडे वळले नाहीत, त्यांची नजरसुद्धा हलली नाही. सुपरवायझरनं ते वाक्य लिहून घेतलं आणि खाली त्यांचा अंगठा घेतला, कारण पट्ट्यांमुळे सही जमेना.

रूळ त्याच महिन्यात बदलला. नवं यंत्रही आलं. आता विहिरीत कुणी उतरत नाही. पंप साखळीनं वर येतो, पाणी मारून धुतात, खाली सोडतात. किसनभाऊ जाळीवर काम करतात, जिना चढताना त्यांना दम लागतो. शेवंताबाई दिवाळीला माझ्यासाठी डबा पाठवतात, कारण मी ओरडले म्हणून त्यांचा माणूस वाचला असं गावभर झालं आहे. मी तो डबा घेते. घरी नेऊन उघडते आणि मला खाववत नाही.

मिस्त्रींना मी त्यानंतर पाहिलं नाही. ते मुलीकडे भुसावळला गेले असं ऐकलं. शेवटचं पाहिलं ते त्याच दुपारी. जबाब झाल्यावर त्यांनी पंपघरातून आपला डबा आणि पंचा घेतला, देवानंदच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी सांगितलं आणि एकटेच गेटकडे निघाले. पट्ट्या बांधलेले हात अंगापासून जरा लांब धरून चालत होते. शेवंताबाई अजून ऑफिसच्या पायरीवर बसलेल्या होत्या. त्यांच्यासमोरून जाताना मिस्त्री थांबले, खाली वाकून त्यांच्या पायांशी हात नेला. त्यांनी पाय आखडून घेतले. मिस्त्री तसेच वाकून राहिले, मग सरळ झाले आणि पुढे गेले. मी लॅबच्या दारात होते. शेवंताबाई माझ्यापासून चार पावलांवर होत्या. एक वाक्य बोलायचं होतं, हळू बोलले असते तरी त्यांना ऐकू गेलं असतं. गेटची कडी वाजली, आणि मी आत जाऊन दुपारचे नमुने तपासायला घेतले.